मग रडू दे ना

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी लेकीकडे अमेरिकेत विल्मिंग्टनला होते. दुपारी शाळेची बस कोपऱ्यावर थांबते, तिथून नातवाला घरी आणायचं काम माझं. नऊ वर्षांचा आहे. मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र निम्मं. बसमधून उतरला की आधी दप्तर माझ्या हातात आणि मग "आज खायला काय?" त्या दिवशी खाण्याचं विचारलंच नाही. "आजी, तुला हॅरिएट टबमन माहितेय?" म्हणाला. शाळेत तिच्यावर पानभर लिहून न्यायचं होतं. नाव माहीत होतं, थोडंफार वाचलेलंही होतं, पण मुलाला सांगायचं तर नीट सांगावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली, रात्री जागून वाचली आणि संध्याकाळी थालीपीठ थापता थापता त्याला गोष्ट सांगायला घेतली. १८५४ सालच्या नाताळची.

हॅरिएट पाच वर्षांपूर्वीच मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून पळून फिलाडेल्फियाला आली होती. तिचे तीन भाऊ, बेन, रॉबर्ट आणि हेन्री, अजून मागेच होते आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांची विक्री व्हायची होती. हॅरिएटला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने कुणाकडून तरी एक पत्र लिहवून घेतलं आणि जेकब जॅक्सन नावाच्या माणसाला पाठवलं. हा काळा असून गुलाम नव्हता आणि त्याला वाचता येत होतं. पत्राखाली नाव त्याच्या परगावी गेलेल्या मानलेल्या मुलाचं. मजकूर अगदी घरगुती आणि मध्येच एक ओळ, की माझ्या भावांना सांगा, प्रार्थनेत सदा जागे राहा आणि झायनचं ते जुनं जहाज आलं की चढायला तयार असा. काळ्या माणसाच्या नावाने आलेलं पत्र आधी गोरे फोडून वाचायचे. या मुलाला भाऊ नव्हतेच, त्यामुळे वाचणारे चक्रावले. त्यांनी जॅक्सनला बोलावून पत्र दाखवलं. त्याला वाचताक्षणी उमगलं. पण हे माझ्यासाठी नसणार, मला यातलं काही कळत नाही, म्हणून पत्र तिथेच टाकून तो निघाला आणि भावांना जाऊन सांगून आला की तयार राहा.

दर नाताळला मुलगे जेवायला आईबापांकडे जायचे, त्यामुळे ते वाटेला लागले यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आईबाप पॉप्लर नेक नावाच्या जागी राहायचे, साठेक किलोमीटरवर. हॅरिएट आणि सगळे तिथवर पोचले, पण घरात गेले नाहीत. झोपडीजवळ कडबा साठवायचं एक खोपट होतं, त्यात दडून बसले. पाऊस लागला होता. बरोबरच्या दोघा परक्या माणसांना त्यांनी म्हाताऱ्याला गुपचूप उठवून आणायला पाठवलं. बाप आला, जेवण घेऊन आला, दारातून आत सरकवलं, पण मुलांकडे पाहिलं नाही. उद्या शोध घेणारे येणार, 'तुझी पोरं पाहिलीस का' म्हणून विचारणार, आणि हा बाप, बेन रॉस, खोटं बोलत नाही ही त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. ती ख्याती त्या दिवशी मुलांच्या कामी यायला हवी होती. रात्री निघायची वेळ झाली तेव्हा त्याने डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधून घेतला. एका हाताला एक मुलगा, दुसऱ्या हाताला दुसरा, असे दंड धरून तो त्यांच्याबरोबर थोडं अंतर चालत गेला. मग थांबला. पावलांचा आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा रुमाल सोडला.

आणि आई. आईने डुक्कर मारून नाताळसाठी नाना तऱ्हेचं करून ठेवलं होतं. मुलं येणार म्हणून ती दिवसभर आतबाहेर करत होती. दारात यायची, कपाळावर हात धरून रस्त्याच्या टोकापर्यंत बघायची, परत आत जायची. खोपटाच्या फटींतून मुलं तिला बघत होती. निघायच्या आधी मुलं अंधारातून झोपडीच्या खिडकीशी गेली. आई चुलीपाशी बसली होती, तोंडात चिलीम, डोकं हातावर टेकलेलं, आणि पुढेमागे झुलत होती. तिला त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि तसेच मागच्या मागे निघून गेले.

नातवाने थालीपीठ खाली ठेवलं. "पण आईला का नाही सांगितलं?"

"अरे, मुलं दिसली असती आणि लगेच निघून जाणार म्हटल्यावर ती मोठ्याने रडली असती. आजूबाजूच्या झोपड्यांत ऐकू गेलं असतं. सगळे पकडले गेले असते."

"मग रडू दे ना," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

त्याच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या मनात मात्र तो काट्यासारखा सलत राहिला. मी उत्तर दिलं होतं ते पुस्तकातलंच होतं, चुकीचं नव्हतं. पण देताना माझा आवाज ज्या सराईतपणे बाहेर पडला तो मलाच ओळखीचा वाटला. हे वाक्य मी आधी कुठेतरी म्हटलेलं आहे, अशाच समजुतीच्या सुरात, हे जाणवलं आणि त्या रात्री झोप आली नाही.

लेकीच्या घरापासून क्रिस्टिना नदी गाडीने दहा मिनिटांवर आहे. तिथे नदीकाठी हॅरिएट टबमन आणि थॉमस गॅरेट या दोघांच्या नावाची बाग आहे, त्यांचा पुतळा आहे. शेजारी रेल्वे स्टेशन, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने गाडी धडधडत जाते. शनिवारी आम्ही सगळे तिथे गेलो. नदी रुंद नाही. आमच्या गोदावरीला पावसाळ्यात असतं तसं मातकट पाणी, काठाला वाळकं गवत, आणि वाऱ्याला लोखंडाचा नि ओल्या लाकडाचा वास. मी कठड्याला टेकून मार्केट स्ट्रीटच्या पुलाकडे बघत उभी राहिले. १८५६ च्या नोव्हेंबरात याच जागेच्या पुलावर पहारा बसला होता. हॅरिएटबरोबर जो बेली नावाचा माणूस होता, त्याच्या डोक्यावर पंधराशे डॉलरचं इनाम होतं. नदीच्या दक्षिणेला ते अडकले, उत्तरेला पळणाऱ्यांना आसरा देणारं गॅरेटचं घर. गॅरेट लोखंडाचा व्यापारी, धर्माने क्वेकर, म्हणजे गुलामगिरीला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातला. त्याने सकाळी दोन घोडागाड्या भरून गवंडी पुलापलीकडे पाठवले. गवंडी गात, आरडाओरडा करत गेले, जणू कुठे कामाला चाललेत. पहारेकऱ्यांनी त्यांना बघून घेतलं. संध्याकाळी अंधार पडल्यावर त्याच गाड्या तशाच गात ओरडत परत आल्या. पहारेकऱ्यांनी जाऊ दिल्या. गवंड्यांच्या पायांशी, गाडीच्या फळ्यांवर, माणसं पालथी पडलेली होती.

मला त्या गवंड्यांचं राहून राहून वाटतं. गॅरेटचं नाव बागेला आहे. त्यांची नावं कुठे नाहीत. दिवसभराचं काम, आणि त्यात पकडले गेलो तर काय होईल हे पुरतं माहीत असताना परतीच्या वाटेवर तोच सूर, तोच आवाज लावून गायचं. पायाखाली एक जिवंत माणूस श्वास रोखून पडलाय आणि आपण गाणं म्हणतोय. घसा कोरडा पडला असेल.

गुलामांना असं लपवून पुढे पोचवणाऱ्या या सगळ्या जाळ्याला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणतात. रूळ नव्हते, इंजिन नव्हतं, बोगदा तर मुळीच नव्हता. रेल्वे त्या काळात नवी होती, तिचे शब्द सगळ्यांच्या तोंडी होते, ते यांनी उचलले. घर देणारा स्टेशनमास्तर, वाट दाखवणारा कंडक्टर, पळणारे पॅसेंजर. आपल्याकडे याला मराठीत 'भूमिगत' म्हणावं लागेल आणि हा शब्द उच्चारला की माझ्यासमोर अमेरिका येत नाही, बेचाळीस साल येतं. आईचं माहेर कृष्णाकाठचं, वाळवा तालुक्यातलं. प्रतिसरकारच्या दिवसांत भूमिगत माणसं उसात असायची आणि घराघरांतून भाकरी जायची. आई बारा वर्षांची होती. डोक्यावर शेणाची पाटी, शेणाखाली फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. कुणी विचारलं तर शेतात शेण टाकायला चालले. हे ती आम्हाला क्वचितच सांगायची आणि सांगितलं तरी त्यात शौर्याचा सूर नसायचा. तिला आठवायचं ते एवढंच की शेणाचा वास भाकरीला लागेल का याची तिला फार काळजी वाटायची.

अमेरिकेत १८५० साली कायदा झाला. पळालेल्या गुलामाला आसरा दिला तर हजार डॉलर दंड आणि सहा महिने तुरुंग. पकडून आणलेला माणूस खरोखर कुणाचा गुलाम आहे की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची फीसुद्धा कायद्यातच लिहिलेली होती. मालकाच्या हवाली केलं तर दहा डॉलर, सोडून दिलं तर पाच. कायद्याचं कलम म्हणून हे छापलं गेलं, मंजूर झालं, त्यावर सही झाली. त्यानंतर पेनसिल्व्हेनियासारख्या गुलामगिरी नसलेल्या राज्यात पोचूनही भागेना, थेट कॅनडापर्यंत जावं लागायचं. गॅरेटला तर त्याआधीच, १८४८ मध्ये, एका कुटुंबाला मदत केल्याबद्दल कोर्टाने असा दंड ठोठावला होता की तो जवळजवळ धुळीला मिळाला. तेव्हा तो साठीला आला होता. तरी त्याचं दार बंद झालं नाही. १८७१ मध्ये तो गेला तेव्हा विल्मिंग्टनच्या काळ्या लोकांनी त्याची शवपेटी खांद्यावरून नेली.

बागेतून परतताना एका दुकानात चौकोनी तुकड्यांच्या गोधड्या टांगलेल्या होत्या. दुकानातल्या बाईंनी मोठ्या प्रेमाने सांगितलं की गोधडीवरच्या नक्ष्या म्हणजे पळणाऱ्यांसाठी सांकेतिक खुणा होत्या, अमुक नक्षी म्हणजे निघा, तमुक म्हणजे उत्तरेला वळा. ही गोष्ट तिकडे फार लोकप्रिय आहे. इतिहासकार मात्र ती मानत नाहीत, कारण त्या काळचा एकही पुरावा नाही. गोधडी शिवणाऱ्या घराण्यातली असल्यामुळे मलाही ती खरी असावी असं वाटत होतं. पण नंतर वाटलं, आपल्याला खुणा हव्या असतात, भुयारं हवी असतात, कारण मग हे सगळं कुणाच्या तरी युक्तीचं काम होतं असं म्हणता येतं. प्रत्यक्षात जे होतं ते फार उघडं होतं. एक माणूस पत्र वाचून 'कळत नाही' म्हणाला. एका बापाने रुमाल बांधला. कुणी गाडी भाड्याने करून दिली. त्या नाताळची ती मंडळी चालत चालत गॅरेटकडे पोचली, तेव्हा त्याने २९ डिसेंबरला फिलाडेल्फियाला लिहिलेलं पत्र आहे. हॅरिएट आणि एका पुरुषाच्या चपला-जोडे चालून चालून पायातून गळून गेले होते, म्हणून त्याने त्यांना दोन डॉलर दिले आणि पुढे नेण्यासाठी गाडी सांगितली, असं त्यात आहे. मला हे दोन डॉलर कुठल्याही गुप्त खुणेपेक्षा मोठे वाटतात.

आता ते वाक्य.

१९९६ च्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाचं मुंबईत हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं. पस्तिशीचा होता. धाप लागते म्हणून तपासायला गेला आणि डॉक्टरांनी घरी पाठवलंच नाही. मी नाशिकला, आई माझ्याकडे. वहिनीचा फोन आला तेव्हा मीच पहिल्यांदा म्हटलं, "आईला सांगू नका. तिला सहन होणार नाही, रडून गोंधळ घालेल." आपल्या घरांमधून हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं जातं की ते कुणाच्या तोंडून निघालं हेही नंतर आठवत नाही. मला आठवतं, कारण ते माझ्या तोंडून निघालं होतं. आईला सांगितलं की ऑफिसच्या कामामुळे त्याला भाऊबीजेला येता येत नाही. आईने त्याच्यासाठी चिरोटे केले होते. भाऊबीजेच्या दिवशी तिने दुपारपासून खिडकीशी खुर्ची ओढली. येणार नाही हे तिला सांगितलेलं होतं, तरी. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की मान वळायची. मी स्वयंपाकघरातून तिच्याकडे बघायचे आणि पुन्हा आत जायचे. ऑपरेशन त्याच दिवशी सकाळी झालं होतं आणि नीट पार पडलं होतं. मला ते ठाऊक होतं, तिला नव्हतं, आणि आम्ही दोघी एकाच घरात होतो.

चार-पाच महिन्यांनी भाऊ आला, आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला, आणि आई समोर. छातीच्या मधोमध तो व्रण. आईने काही विचारलं नाही. जवळ गेली, मधलं बोट त्या व्रणावरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं, आणि म्हणाली, "किती टाके?" एवढंच. रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसले, समजावायला लागले, तेव्हा म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? बसले असते. तशीही बसलेच होते की."

आई जाऊन आता चौदा वर्षं झाली. शेणाखाली भाकरी लपवून पोलिसांच्या समोरून चालत गेलेली बारा वर्षांची मुलगी पासष्टाव्या वर्षी गुपित राखू शकणार नाही, हे आम्ही कशाच्या आधारावर ठरवलं, ते मला अजून सांगता येत नाही.

आणि हॅरिएटची आई. रिट तिचं नाव. पुस्तकात पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की ती काही हातपाय गाळणारी बाई नव्हती. तिच्या तीन मुली मालकाने दूर दक्षिणेला विकल्या होत्या. मग जॉर्जियाचा एक व्यापारी तिच्या धाकट्या मुलासाठी, मोझेससाठी, आला. रिटने त्याला महिनाभर लपवून ठेवलं, आजूबाजूच्या गुलामांच्या आणि मुक्त काळ्या शेजाऱ्यांच्या मदतीने. शेवटी मालक व्यापाऱ्याला घेऊन दारात आला तेव्हा म्हणाली, जो पहिला आत पाऊल टाकेल त्याचं डोकं फोडीन. सौदा मोडला. हॅरिएटने लहानपणी हे पाहिलं, ऐकलं. म्हणजे तिचं पहिलं 'स्टेशन' आईची झोपडीच होती, आणि पहिली स्टेशनमास्तर आई. त्याच बाईला त्यांनी त्या रात्री सांगितलं नाही. मला हॅरिएटला दोष द्यायचा नाही. मी कोण? माझ्या भावाच्या जिवाला आई रडल्याने धोका नव्हता, माझी फक्त सोय होती. तिच्या मागावर कुत्री होती, बंदुका होत्या, आणि तो लिलाव. शोध घेणारे खरंच आले. आईने सांगितलं, एकही आला नाही ह्या नाताळला, दिवसभर वाट पाहिली, काळीज तुटलं माझं. तिच्याकडे बघून त्यांचा विश्वास बसला. बापाने सांगितलं, ह्या नाताळला मी माझं एकही पोर पाहिलेलं नाही. तेही खरंच. एका रुमालाने आणि एका फसवलेल्या आईच्या खऱ्या दुःखाने तीन भाऊ वाचले. बापाला निदान माहीत होतं की आपण डोळे बांधलेत. आईचे तिला न विचारता बांधले होते.

ते सगळे २९ तारखेला फिलाडेल्फियात विल्यम स्टिल नावाच्या तरुणाच्या ऑफिसात पोचले. हा काळा, गुलामगिरीविरोधी संस्थेत कारकून. येणाऱ्या प्रत्येकाला तो समोर बसवायचा, विचारायचा, लिहून घ्यायचा. नाव काय, आता कोणतं नाव घेणार, मालक कोण, मागे कोण राहिलं. सगळं जाळं न बोलण्यावर उभं असताना हा एक माणूस लिहून ठेवत होता. सापडलं असतं तर स्वतःसकट सगळ्यांना तुरुंगात धाडण्याएवढा पुरावा. पण त्याला कारण होतं. १८५० च्या ऑगस्टमध्ये त्याच्यासमोर एक प्रौढ माणूस येऊन बसला. अलाबामात गुलाम होता, पै पै साठवून त्याने स्वतःला विकत घेतलं होतं, आणि आता लहानपणी ताटातूट झालेल्या आईचा शोध घेत होता. आईबापांची नावं सांगितली, लेव्हिन आणि सिडनी. स्टिलची लेखणी थांबली. ती त्याच्या आईबापांची नावं होती. समोर बसलेला पीटर त्याचा सख्खा भाऊ होता, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी मागे राहिलेला. त्यांची आई एकदा चार मुलांना घेऊन पळाली होती आणि पकडली गेली होती. दुसऱ्यांदा पळाली तेव्हा चौघांना नेणं शक्य नव्हतं. दोन मुलींना बरोबर घेतलं आणि दोन मुलगे झोपलेले होते, त्यांचा मुका घेऊन निघाली. त्यांनाही सांगितलं नाही. पीटर तेव्हा सहा-एक वर्षांचा. चाळीस वर्षांनी तो आईसमोर उभा राहिला, तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. दुसरा मुलगा तोवर मारहाणीत मेला होता.

ह्या बाईचा विचार मी किती दिवस करत होते, ते मलाच ठाऊक. झोपलेल्या दोघांचा मुका घेताना त्यातला एकही जागा होऊ नये म्हणून तिने श्वास कसा धरला असेल.

त्यानंतर स्टिलने नोंदी अधिक काटेकोरपणे ठेवायला घेतल्या, कुणाला तरी कुणीतरी सापडावं म्हणून. धोका वाढला तेव्हा शहरातल्या लेबनॉन दफनभूमीतल्या इमारतीत त्या लपवल्या. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून जास्त गुलाम मोजले गेले, आणि त्या तक्त्यांत त्यांना बहुतेक ठिकाणी नाव नाही. वय, लिंग, रंग आणि मालकाचं नाव. स्टिलच्या वह्यांत मात्र शेकडो माणसं नावानिशी आहेत, कोण डावखुरा, कोण बोलताना अडखळतो, कोण बायकोला मागे ठेवून आलाय. यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली, तेव्हा त्याने दफनभूमीतून त्या नोंदी काढल्या आणि १८७२ मध्ये पुस्तक छापलं.

पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली त्यांना ते अर्पण केलं. शाळेत आम्ही ही अर्पणपत्रिका परीक्षेपुरती शिकलो, एका गुणाचा प्रश्न. विल्मिंग्टनच्या नदीकाठी मला ती पहिल्यांदा कळली. ज्याने ती लिहिली त्याने दहा वर्षांपूर्वी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं, विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, नाव फुटणार नाही. दार कशासाठी उघडं ठेवायचं आणि तोंड कशासाठी मिटायचं हे ज्योतिबांना आणि सावित्रीबाईंना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. एका अनोळखी बाईच्या पोटातलं मूल वाचावं म्हणून त्यांनी ते केलं, आणि त्यातलंच एक मूल दत्तक घेतलं.

माझ्या नाशिकचं तर मला फारच उशिरा कळलं. शरणपूर रोडवरून मी चार वर्षं सायकलने कॉलेजला गेले. शरणपूर हे नाव का, असा प्रश्न एकदाही पडला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली की सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत, आणि त्यांतली पुष्कळशी मिशनऱ्यांच्या आश्रमात शरणपूरला येत. सुतारकाम, लोहारकाम शिकत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत परत गेला आणि १८७३ मध्ये शोधप्रवासी लिव्हिंगस्टन मेला तेव्हा ज्या माणसांनी त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला त्यांत होता. दोन वर्षांनी मोम्बासाजवळ सुटलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली, तिथे शरणपूरचे कितीतरी जण गेले. त्या मुलांच्या आया कुठे होत्या? कुठल्या दारात कपाळावर हात धरून उभ्या होत्या? सायकलवरून जाताना डाव्या हाताला चिंचेची झाडं लागायची, सावली बरी वाटायची, एवढंच माझ्या लक्षात आहे.

नातवाचं पान लिहून झालं होतं. त्याने वर नाताळच्या खोपटाचं चित्र काढलं होतं, फटींतून चार डोळे. खाली घर, आणि दारात आई, तिचे हात चित्रात फार लांब झाले होते. शाळेत नेऊन द्यायच्या आदल्या रात्री मी त्याला म्हटलं, गोष्ट अजून संपलेली नाही, पुढचं सांगायचं राहिलंय.

१८५७ साल. बाप बेन रॉसवर संशय आला होता, पळणाऱ्यांना त्याने घरात घेतलं म्हणून, आणि त्याला पकडायचं चाललं होतं. हॅरिएट पुन्हा खाली गेली, यावेळी आईबापांना आणायला. दोघं सत्तरीच्या आसपास, इतकं चालणं शक्य नाही. तिने एक म्हातारा घोडा मिळवला, गवताच्या दोरीचं जू केलं, जुन्या चाकांची जोडी आणली, आसावर बसायला एक फळी टाकली आणि पाय ठेवायला दुसरी फळी दोरांनी टांगली. बाप म्हणाला, माझी लाकूड तासायची कुऱ्हाड घेतल्याशिवाय येणार नाही. आई म्हणाली, माझी पिसांची गादी. हॅरिएटने दोघांना गाडीवर बसवलं, कुऱ्हाड घेतली, गादी घेतली आणि रातोरात रेल्वेपर्यंत नेलं. विल्मिंग्टनला गॅरेटने पुढच्या प्रवासाचे पैसे दिले. कॅनडात तिचे मुलगे आधीच होते. तिघांनी नवं आडनाव घेतलं होतं, स्टुअर्ट.

"म्हणजे आईला ते भेटले?"

"भेटले."

तो पांघरुणात शिरला. मी दिवा घालवायला उठले तेव्हा अंधारातून म्हणाला,

"गादी मावली त्या गाडीत?"

"मावली," मी म्हटलं.